भारित कृष्णविवराभोवती भिंत उभारली तर

कृष्णविवराबद्दल बहुतेकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे त्यात पडलेले काहीही परत येत नाही. ही गोष्ट खरीच आहे; तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र, म्हणजे कृष्णविवराकडून बाहेरच्या जगाला काही मिळूच शकत नाही हा, चुकीचा आहे. फिरणाऱ्या किंवा विद्युतभारित कृष्णविवरावर योग्य वारंवारतेचा तरंग सोडला, तर तो विखरून परत येताना गेला होता त्यापेक्षा अधिक ऊर्जा घेऊन येतो आणि ही वाढीव ऊर्जा कृष्णविवराच्या वस्तुमानातून वजा होते. भौतिकशास्त्रात या घटनेला सुपररेडियन्स म्हणतात. एका फेरीतला हा लाभ बहुधा किरकोळ असतो आणि परत आलेला तरंग अवकाशात दूर निघून गेला की विषय तिथेच मिटतो. पण त्या तरंगाला निसटूच दिले नाही, भोवती परावर्तक भिंत उभारून त्याला पुन्हा पुन्हा कृष्णविवराकडेच पाठवले, तर त्या किरकोळ लाभावर चक्रवाढ सुरू होते. या लेखाचा विषय असलेली अस्थिरता ती हीच. तिच्यासाठी मी मुद्दाम न फिरणारे, केवळ विद्युतभारित असे कृष्णविवर घेतले आहे, कारण त्याचा हिशेब कागदावर चार ओळींत मांडता येतो आणि त्याची अखेर काय होते हेही आज माहीत आहे.

बंदिस्त तरंग म्हणजे काय, हे पाहायला सोलापूरकरांना फार लांब जावे लागत नाही. शंभर किलोमीटरवर विजापूर आहे आणि तिथे १६५६ च्या सुमाराचा गोल घुमट आहे. घुमटाच्या आतल्या गोल सज्जात भिंतीशी उभे राहून कोणी कागद फाडला, तर समोरच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तो टर्र आवाज कानाशी झाल्यासारखा ऐकू येतो. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोहोचायला त्याला जेमतेम सेकंदाचा नववा भाग लागतो. टाळी वाजवली की ती सात वेळा घुमते असे तिथले गाईड सांगतात. आकडा काहीही असो, लक्षात ठेवायची गोष्ट ही की प्रत्येक घुमणे आधीच्यापेक्षा क्षीण असते, कारण दर फेरीला चुना, दगड, हवा आणि सहलीला आलेल्या मंडळींचे कपडे आवाजाचा थोडा थोडा अंश गिळतात.

आता अशी कल्पना करावी की घुमटाच्या मधोमध एक अशी वस्तू टांगलेली आहे, जी तिच्यापर्यंत पोहोचलेल्या आवाजात दर वेळी शंभराला एक या प्रमाणात भर घालून तो परत फेकते. भिंती दर फेरीला शंभरातले दोन गिळत असतील, तर काहीच विशेष होणार नाही. टाळी थोडी जास्त वेळ घुमेल आणि विरेल. पण भिंती शंभरातला अर्धाच गिळत असतील, तर आवाज विरण्याऐवजी वाढत जाईल, आणि टाळी वाजवण्याचीही गरज उरणार नाही, कारण कुणाच्या श्वासाचा आवाजही बीज म्हणून पुरेल. वाढ कोणत्याही सुरांची होणार नाही. त्या पोकळीत जे ठराविक सूर स्थिर तरंग म्हणून टिकू शकतात, त्यांचीच होईल. ही मधोमध टांगलेली वस्तू ध्वनीच्या जगात विजेवर चालणारे यंत्र असेल. गुरुत्वाकर्षणाच्या जगात भारित कृष्णविवर तेच काम कोणत्याही यंत्राविना करते.

भर घालते ती कशी

विद्युतभार असलेल्या, न फिरणाऱ्या कृष्णविवराचे वर्णन हान्स राइस्नर यांनी १९१६ मध्ये आणि गुन्नार नॉर्डस्ट्रॉम यांनी १९१८ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढले. अशा कृष्णविवराला दोनच संख्या पुरतात, वस्तुमान आणि विद्युतभार. त्या दोहोंवरून त्याच्या घटनाक्षितिजाची, म्हणजे जिच्या आत गेलेले परत येत नाही त्या सीमेची, त्रिज्या ठरते आणि क्षितिजावरचे विद्युत विभव, म्हणजे बोलीभाषेतला व्होल्टेज, तेही ठरते. पुढच्या सगळ्या कथेत हे विभव मध्यवर्ती आहे.

आपला तरंग कशाचा आहे हेही सांगायला हवे. प्रकाशाला स्वतःचा विद्युतभार नसतो, त्यामुळे न फिरणाऱ्या भारित कृष्णविवराकडून या वाटेने त्याला काही मिळत नाही. इथे लागते ते भारित अदिश क्षेत्र: ज्याच्या प्रत्येक पुंजकणाजवळ ठराविक विद्युतभार आहे, पण ज्याला फिरकी नाही, असे क्षेत्र. निसर्गात असे कण अगदीच नाहीत असे नाही, भारित पायॉन तसेच आहेत, पण ते सेकंदाच्या एका कोट्यंशाहूनही कमी काळात विघटित होतात. म्हणून या अभ्यासात क्षेत्र आदर्श मानले जाते, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही.

आता हिशेब. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले की पुंजभौतिकीचे परिणाम बाजूला ठेवले तर कृष्णविवराच्या क्षितिजाचे क्षेत्रफळ कधीही कमी होत नाही. दुसरीकडे, कृष्णविवराच्या ऊर्जेतला कोणताही छोटा बदल दोन भागांचा बनलेला असतो: क्षेत्रफळातल्या बदलाचा भाग, आणि विभव गुणिले विद्युतभारातला बदल हा दुसरा भाग. समजा, क्षितिजाचे विभव आपल्या सोयीच्या एककात १० आहे आणि क्षेत्राच्या प्रत्येक पुंजकणावर कृष्णविवराच्याच जातीचा १ एकक भार आहे. पुंजकणाची ऊर्जा त्याच्या वारंवारतेच्या प्रमाणात असते. ती १२ आहे असे धरू. असा एक कण कृष्णविवराने गिळला, तर एकूण ऊर्जा १२ ने वाढली, त्यातले १० भाराच्या खात्यात गेले आणि २ क्षेत्रफळाच्या खात्यात उरले. क्षेत्रफळ वाढले, नियम पाळला गेला, तरंग थोडा शोषला गेला. नेहमीचेच झाले.

आता वारंवारता कमी करून ऊर्जा ६ करू. असा एक कण गिळला, तर मिळाले ६, पण भाराच्या खात्याला द्यायचे आहेत १०. क्षेत्रफळाच्या खात्यात उणे ४ येतात, आणि हॉकिंग यांच्या प्रमेयाला ते मान्य नाही. म्हणजे या वारंवारतेचा तरंग कृष्णविवर एकंदरीत गिळू शकत नाही. उलट दिशेचा व्यवहार मात्र बेलाशक करता येतो: कृष्णविवराने एक कणाइतकी ऊर्जा आणि भार बाहेर दिला, तर ऊर्जा ६ ने घटली, भाराचे खाते १० ने घटले, आणि क्षेत्रफळाचे खाते ४ ने वाढले. तरंग आणि कृष्णविवर यांच्यात काही देवघेव व्हायचीच असेल, तर ती याच दिशेने होणार. परत आलेला तरंग म्हणूनच गेलेल्यापेक्षा मोठा असतो. जेकब बेकेनस्टाइन यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या युक्तिवादाचा हा सारांश आहे, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत देखणा भाग हाच आहे, कारण तरंगाचे एकही समीकरण न सोडवता निष्कर्ष हाती येतो. अट एवढीच: पुंजकणाची ऊर्जा ही त्याचा भार गुणिले क्षितिजाचे विभव यापेक्षा कमी असली पाहिजे. आपल्या उदाहरणात ती सीमा १० आहे, आणि हा १० चा आकडा पुढे पुन्हा लागणार आहे.

यावर एक शंका रास्त आहे. क्षितिजातून काही बाहेर येत नाही असे म्हणायचे, आणि कृष्णविवराने ऊर्जा दिली असेही म्हणायचे, हे कसे? उत्तर असे की बाहेर काहीच येत नाही. आत जे जाते ते ऋण असते. भारित कृष्णविवराच्या जवळ विरुद्ध जातीचा भार असलेल्या कणाची विद्युत स्थितिज ऊर्जा इतकी ऋण असू शकते की त्याचे वस्तुमान आणि गती धरूनही, दूरवरच्या निरीक्षकाच्या हिशेबाने त्याची एकूण ऊर्जा शून्याखाली जाते. तरंग क्षितिजाजवळ पोहोचतो तेव्हा क्षेत्राचा असा विरुद्ध भाराचा अंश आत शिरतो आणि सजातीय भाराचा अंश वाढून बाहेर येतो. कृष्णविवराने ऋण ऊर्जा आणि विरुद्ध भार गिळला, म्हणून त्याचे वस्तुमानही घटले आणि भारही घटला. अगदी हाच चमत्कार ऑस्कर क्लाइन यांच्या १९२९ च्या विरोधाभासात, कृष्णविवराशिवाय, नुसत्या उंच विद्युत पायरीवर दिसतो. इलेक्ट्रॉनसारखे फर्मिऑन मात्र या वाटेने वाढत नाहीत; एका अवस्थेत एकच कण हा त्यांचा नियम चक्रवाढीला वावच ठेवत नाही. वाढ फक्त बोसॉनच्या, म्हणजे ज्यांना हे बंधन नाही अशा कणांच्या, नशिबी आहे.

फिरणाऱ्या कृष्णविवराच्या बाबतीत हीच गोष्ट कोनीय संवेगाच्या भाषेत घडते आणि इतिहासात तीच आधी आली. रॉजर पेनरोझ यांनी १९६९ मध्ये कणांच्या साहाय्याने फिरत्या कृष्णविवराची ऊर्जा काढण्याची कल्पना मांडली. याकोव झेल्दोविच यांनी १९७१ मध्ये दाखवले की तरंग शोषणारा कोणताही फिरता दंडगोल पुरेशा वेगाने फिरत असेल तर तरंगाला शोषण्याऐवजी वाढवतो. आणि १९७२ मध्ये विल्यम प्रेस आणि सोल टुकोल्स्की यांनी अशा कृष्णविवराभोवती आरसा बसवण्याची कल्पना करून तिला ‘ब्लॅक होल बॉम्ब’ हे नाव दिले. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची मदत घेतली तर पेनरोझ यांची मूळ प्रक्रिया कितीतरी सुलभ होते, हे १९८५ मध्ये दाखवणाऱ्यांत संजय वाघ, संजीव धुरंधर आणि नरेश दधीच ही नावे आहेत, हे मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे मला वाटते.

भिंत कुठे असावी

एका फेरीतला लाभ किती, याचे आकडे पाहिल्यावर भिंतीचे महत्त्व कळते. शक्य तितक्या वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवराकडून अदिश तरंगाला मिळणारी जास्तीत जास्त वाढ सुमारे ०.३ टक्के असते, विद्युतचुंबकीय तरंगाला सुमारे ४.४ टक्के आणि गुरुत्वीय तरंगाला तब्बल १३८ टक्के. पहिल्या आकड्यावर चक्रवाढ लावली तर ऊर्जा दुप्पट व्हायला सुमारे २३१ फेऱ्या लागतात, दुसऱ्यावर १६ ते १७, आणि तिसऱ्यावर एकही पूर्ण फेरी लागत नाही. अर्थात हे आकडे कमाल आहेत आणि ते एका नेमक्या वारंवारतेलाच लागू पडतात. ती वारंवारता भिंतीच्या आतल्या पोकळीत बसते की नाही, हा प्रश्न वेगळा आहे.

तो प्रश्न महत्त्वाचा आहे. पोकळीतल्या सर्वांत खालच्या सुराची तरंगलांबी, कृष्णविवर भिंतीच्या मानाने लहान असेल तर, भिंतीच्या त्रिज्येच्या साधारण दुप्पट असते. भिंत जवळ आणली की हा सूर चढतो. भिंत फारच जवळ आणली, तर सर्वांत खालचा सूरसुद्धा आपल्या १० च्या सीमेच्या वर जातो, आणि मग वाढ होण्याऐवजी प्रत्येक फेरीत शोषण होते: कृष्णविवर पोकळीतले सगळे क्षेत्र निमूट गिळून टाकते. म्हणजे भिंत एका किमान अंतराच्या पलीकडे असेल तरच व्यवस्था अस्थिर होते. भिंत त्याहून फार दूर नेली तर अस्थिरता टिकते पण मंदावते, कारण एकेका फेरीला वेळ जास्त लागतो आणि खूप कमी वारंवारतेच्या तरंगाला कृष्णविवर जाणवतच नाही म्हणावे इतके त्याच्याशी त्याचे देणेघेणे कमी होते. सर्वांत वेगवान वाढ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी सापडते.

सोलापुरात कुठल्याही श्रोत्यांपुढे हा विषय मांडला की पहिला प्रश्न येतो तो ठरलेला: अहो, पण कृष्णविवराभोवती भिंत बांधणार कोण? प्रश्न चोख आहे. फिरणाऱ्या कृष्णविवराच्या बाबतीत भिंतीचे काम खुद्द क्षेत्राचे वस्तुमान करू शकते. क्षेत्राच्या कणांना वस्तुमान असेल आणि त्यांची ऊर्जा त्या वस्तुमानाच्या ऊर्जेपेक्षा कमी असेल, तर ते दूर पळूच शकत नाहीत. गुरुत्वाकर्षण त्यांना परत खेचते आणि भिंतीविना पोकळी तयार होते. थिबो दामूर, नताली दरुएल आणि रेमो रुफिनी यांनी १९७६ मध्ये ही शक्यता मांडली, आणि आज अतिहलक्या कणांचा शोध घेणारे खगोलशास्त्रज्ञ तिचा प्रत्यक्ष उपयोग करतात.

भारित कृष्णविवराला मात्र ही सोय नाही, आणि का नाही हे समजून घेण्याजोगे आहे. कण बांधून ठेवायचा तर गुरुत्वाकर्षणाने सजातीय भारांच्या विद्युत प्रतिकर्षणावर मात केली पाहिजे. म्हणजे कणाच्या भाराच्या तुलनेत त्याचे वस्तुमान जास्त असले पाहिजे. सुपररेडियन्ससाठी नेमके उलटे हवे: कणाची ऊर्जा, जी बांधलेल्या कणाच्या बाबतीत साधारण त्याच्या वस्तुमानाइतकीच असते, ती भार गुणिले विभव यापेक्षा कमी हवी, म्हणजे भार जड आणि वस्तुमान हलके हवे. क्षितिजाची त्रिज्या एका मर्यादेखाली जात नसल्यामुळे या दोन अटी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. जिथे कण बांधला जातो तिथे वाढ नाही, आणि जिथे वाढ आहे तिथून प्रतिकर्षण त्याला हाकलून देते. शाहार होद यांनी २०१२ आणि त्यानंतरच्या निबंधांत हे सिद्ध केले. म्हणून मोकळ्या अवकाशातले भारित कृष्णविवर या बाबतीत स्थिर असते, आणि त्याला अस्थिर करायचे तर भिंत बाहेरूनच आणावी लागते.

भिंतीचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात कोणालाच काही बांधावे लागत नाही. ऋण वैश्विक स्थिरांक असलेल्या अवकाशकाळात, ज्याला अँटी-डी सिटर अवकाश म्हणतात, प्रकाशाचा किरण अनंत अंतरावरच्या सीमेपर्यंत मर्यादित काळात जाऊन परत येतो. म्हणजे अवकाशाची घडणच आरशाची आहे. आपले विश्व तसे नाही, तरी सैद्धांतिक भौतिकीत या अवकाशाला फार मान आहे, कारण तिथल्या गुरुत्वाकर्षणाची समीकरणे सीमेवरच्या गुरुत्वाकर्षणरहित पदार्थाची समीकरणे म्हणून वाचता येतात. स्टीव्हन गुब्सर यांनी २००८ मध्ये दाखवले की अशा अवकाशातल्या भारित कृष्णविवराभोवती भारित क्षेत्र आपोआप साचू शकते. त्याच वर्षी शॉन हार्टनॉल, क्रिस्तोफर हर्झॉग आणि गॅरी होरोविट्झ यांनी या साचण्याचा अर्थ सीमेवरच्या पदार्थाचे अतिसंवाहक, म्हणजे विजेला रोध न करणारे, होणे असा लावला. कृष्णविवराच्या अस्थिरतेकडे अतिसंवाहकाच्या अंगाने पाहणारी एक अख्खी शाखा तिथून उभी राहिली.

किती वेगाने

आता वेगाची गोष्ट. कार्लोस हर्देइरो, हुआन कार्लोस देगोयादो आणि हेल्गी रुनार्सन यांनी २०१३ मध्ये पोकळीतल्या भारित कृष्णविवराचे गणित करून दाखवले की इथली वाढ फिरत्या कृष्णविवराच्या तुलनेत कित्येक पटींनी वेगवान असते. त्यांचे आकडे कृष्णविवराच्या वस्तुमानावर अवलंबून असलेल्या नैसर्गिक कालमापनात आहेत. ते आपण सेकंदात उतरवून पाहू. सूर्याच्या दहा पट वस्तुमानाच्या कृष्णविवराचे हे मापन सुमारे ४९ मायक्रोसेकंद येते. अदिश क्षेत्र आणि आरसा असलेल्या फिरत्या कृष्णविवरात तरंगाची उंची २.७ पट व्हायला अशी साधारण एक लाख एकके, म्हणजे जवळपास ५ सेकंद लागतात. भारित कृष्णविवरात सर्वांत वेगवान सुराला सुमारे १४ एकके लागतात, म्हणजे ०.७ मिलिसेकंद. पहिल्याची एक पायरी होईपर्यंत दुसऱ्याच्या सात हजार पायऱ्या होतील, अर्थात तोवर वाढवायला काही शिल्लक राहिले तर.

इतका फरक पडण्याचे मुख्य कारण भूमितीत आहे. फिरणाऱ्या कृष्णविवराकडून ऊर्जा घ्यायची तर तरंगालाही कोनीय संवेग असावा लागतो, आणि कोनीय संवेग असलेला तरंग केंद्रापासून बाहेर ढकलला जातो. क्षितिजापर्यंत त्याचा एक क्षीण अंशच झिरपतो. भारित कृष्णविवराला तरंग कोणत्या आकाराचा आहे याचे सोयरसुतक नाही. सगळीकडून सारखा येणारा गोलाकार तरंगसुद्धा चालतो, आणि त्याच्या वाटेत तो केंद्रत्यागी अडथळा उभाच राहत नाही. शिवाय फिरण्याच्या वेगाला निसर्गाने कमाल मर्यादा घातली आहे, तर कणाचा भार आपण कागदावर हवा तितका वाढवू शकतो आणि १० ची सीमा १०० वर नेऊ शकतो.

कागदावर, हा शब्द इथे जपून वाचावा. निसर्गात असे भारित कृष्णविवर टिकणे जवळजवळ अशक्य आहे. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराला जास्तीत जास्त पेलेल असा भार १.७ गुणिले १० चा २० वा घात इतक्या कूलंबचा असतो, आणि अशा पूर्ण भारलेल्या क्षितिजाचे विभव सुमारे १० चा २७ वा घात इतके व्होल्ट येते. रायचूरहून सोलापूरला येणारी, २०१३ च्या अखेरीस दक्षिणेची वीजजाळी उर्वरित देशाशी जोडणारी वाहिनी ७६५ हजार व्होल्टची आहे आणि तिच्या मनोऱ्याखाली उभे राहिले की तारांची सरसर ऐकू येते; क्षितिजाचे विभव तिच्याहून दहाच्या एकविसाव्या घाताहूनही अधिक पट आहे. अशा क्षेत्रात निर्वात पोकळीतूनच इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या जोड्या फुटून बाहेर पडतात, विरुद्ध भाराचा कण आत ओढला जातो आणि कृष्णविवर झपाट्याने उदासीन होते. तेवढे नसले तरी आसपासचा वायू पुरेसा असतो, कारण इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्यातले विद्युत आकर्षण त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १० चा ३९ वा घात इतके पट आहे. थोडा भार साठला की विरुद्ध भार धावत येतो. म्हणून हा विषय दुर्बिणीचा नाही. तो समीकरणे अखेरपर्यंत सोडवून पाहण्याचा आहे, आणि त्या दृष्टीने भारित कृष्णविवर फिरत्यापेक्षा कितीतरी सोयीचे आहे.

प्रयोगशाळेत मात्र या कुळातल्या घटना दिसू लागल्या आहेत, जरी त्यात कृष्णविवर नसले तरी. नॉटिंगहॅममध्ये २०१७ साली पाण्याच्या भोवऱ्यावर सोडलेल्या लाटा वाढून परत येताना मोजल्या गेल्या. २०२५ मध्ये हेन्ड्रिक उलब्रिक्ट आणि सहकाऱ्यांनी फिरता ॲल्युमिनियमचा दंडगोल, त्याभोवतीच्या कॉइल आणि परावर्तकाचे काम करणारे विद्युत मंडल यांच्या साहाय्याने झेल्दोविच यांच्या कल्पनेतली बंदिस्त वाढ प्रत्यक्ष उभी केली, आणि ती नुसत्या विद्युत गोंगाटातून सुरू होताना दाखवली.

शेवटी होते काय

चक्रवाढ अनंत काळ चालू शकत नाही. वाढणारे क्षेत्र ज्या खजिन्यातून वाढते तो कृष्णविवराचा भार आहे, आणि भार घटला की विभव घटते. सुरुवातीला आपल्या उदाहरणातले विभव १० होते आणि तरंग ६ चा होता. भार जसजसा बाहेर जातो तसतशी सीमा १० वरून ९, ८, ७ अशी उतरत येते. वरचे सूर, समजा ९ चा आणि ८ चा, आधी वाढत असतात. सीमा त्यांच्या खाली गेली की त्यांचे नशीब फिरते आणि कृष्णविवर त्यांना गिळू लागते. शेवटी एकच सूर उरतो. त्याची वारंवारता आणि क्षितिजाची सीमा तंतोतंत जुळते तेव्हा एक कण आत गेला काय किंवा बाहेर आला काय, क्षेत्रफळाच्या खात्यात शून्यच नोंदले जाते. व्यवहार थांबतो.

हे केवळ अंदाजाने म्हणण्याची आता गरज नाही. निकोलास सांचिस-ग्वाल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आइन्स्टाइनची, मॅक्सवेलची आणि क्षेत्राची समीकरणे एकत्र घेऊन पोकळीतल्या भारित कृष्णविवराची संपूर्ण उत्क्रांती संगणकावर सोडवली. त्यांना आढळले की कृष्णविवराचा सगळा भार निघून जाण्याआधीच प्रक्रिया थांबते आणि मागे उरते ते भारित क्षितिज, त्याच्याभोवती लयीत आंदोलणारे क्षेत्राचे ढग, आणि त्या आंदोलनाची वारंवारता नेमकी नव्या सीमेइतकी. कृष्णविवराला वस्तुमान, भार आणि फिरकी यांपलीकडे काही ओळख नसते, म्हणजे त्याला ‘केस’ नसतात, असे जे म्हटले जाते, त्याला पोकळीतले हे कृष्णविवर अपवाद ठरते. भिंत आहे तोवर त्याचे केस टिकतात.

बॉम्ब हे नाव मला या ठिकाणी थोडे दिशाभूल करणारे वाटते. क्षेत्राच्या कणांचा भार लहान असेल तर ही अंतिम अवस्था अगदी शांतपणे, एकाच दिशेने सरकत गाठली जाते. भार मोठा असेल तेव्हा मात्र नावाला साजेसे काहीतरी होते: क्षेत्र समतोलापेक्षा जास्त ऊर्जा काढून घेते, मग स्फोटासारखा उद्रेक होऊन त्यातली काही ऊर्जा पुन्हा कृष्णविवरात ढकलली जाते. याही वेळी बाहेर गेलेला भार परत येत नाही. ऊर्जा मागेपुढे होते, भाराचा ओघ एकाच दिशेने राहतो, हा फरक मला वरच्या चार ओळींच्या हिशेबातून आधी सुचला नसता. तो समीकरणे शेवटपर्यंत सोडवल्यावरच दिसतो. त्याच वर्षी पाब्लो बोश, स्टीफन ग्रीन आणि लुईस लेनर यांनी अँटी-डी सिटर अवकाशात हीच उत्क्रांती पाहिली आणि तिथेही अखेर केस असलेले स्थिर कृष्णविवरच मिळाले. कणांचा भार जितका मोठा, तितका दर एकक वस्तुमानामागे अधिक भार बाहेर काढला जातो आणि तितकीच एन्ट्रॉपीची (कृष्णविवराच्या बाबतीत जी क्षितिजाच्या क्षेत्रफळाने मोजतात तिची) वाढ अधिक होते, हे त्यांनी नोंदवले.

ही उत्तरे मिळू शकली, कारण गोलाकार तरंगासाठी केंद्रापासूनचे अंतर आणि काळ एवढ्या दोनच गोष्टी संगणकाला सांभाळाव्या लागतात. फिरणाऱ्या कृष्णविवराला अँटी-डी सिटर अवकाशात बंदिस्त केले तर तीन मिती आणि काळ, सगळेच सांभाळावे लागते. तिथे एका सुराने कृष्णविवराची गती इतकी कमी केली की त्याची स्वतःची वाढ थांबली, तरी त्याच्याहून अधिक कोनीय संवेग असलेला दुसरा सूर अजून वाढतच असतो, त्याच्या पलीकडे तिसरा, आणि ही रांग संपत नाही. भारित कृष्णविवरात सीमा उतरत उतरत एका सुरापाशी येऊन थांबते, तशी तिथे ती कुठे थांबते हे अद्याप कोणी दाखवलेले नाही.